मगनवाडी, सेवाग्राम, गोपुरी, पवनार: एका दिवसात, पण घाई न करता कसं पाहावं

आपल्याकडच्या शाळेची किंवा बचत गटाची सहल वर्ध्याला निघाली की ठरलेला प्रकार असतो. गाडी सेवाग्रामात थांबते, रांग बापू कुटीच्या एका दारानं आत जाते, दुसऱ्या दारानं बाहेर येते, पिंपळाखाली एक फोटो होतो आणि अर्ध्या तासात गाडी पुढच्या ठिकाणाला लागते. अर्ध्या तासात तिथं पाहण्यासारखं फारसं सापडत नाही, कारण ही जागा डोळे दिपवण्यासाठी बांधलेलीच नाही. ती राहण्यासाठी, काम करण्यासाठी बांधली होती. म्हणून ती पाहायची रीतही वेगळी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. हा सगळा लेख त्या रीतीबद्दल आहे.

वर्ध्याच्या आसपासच्या या चार जागा एकाच मोठ्या वाड्याची चार दालनं समजा. मगनवाडीत संग्रहालय आहे, सेवाग्रामात राहती घरं आणि झाडं, गोपुरीत दगडात कोरलेला ग्रंथ, आणि पवनारला दीड हजार वर्षांपूर्वीची शिल्पं. या चारही जागांमागे गांधींचे सहकारी, उद्योगपती जमनालाल बजाज आहेत. मगनवाडी ही त्यांची बाग आणि बागेतलं घर. सेवाग्राम म्हणजे तेव्हाचं शेगाव, तिथली मालगुजारी, म्हणजे सारावसुलीचा हक्क, त्यांची. पवनारचा बंगलाही त्यांचाच. गोपुरीत ते स्वतः अखेरच्या काळात गोसेवेसाठी झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचं निधन झालं. आज आपण जे पाहतो, त्यातलं बरंचसं एका श्रीमंत माणसानं आपल्या हातातून सोडून दिलेलं आहे, हे निघण्याआधी लेकरांना जरूर सांगा.

दुसरी गोष्ट सांगायची ती पाच मैलांची. खेड्यातलं घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानाचं असावं, असं गांधींनी १९३७ साली लिहिलं होतं. आपण दिवसभर हीच कसोटी हातात घेऊन फिरायचं आहे. कोणतीही वस्तू समोर आली की चार प्रश्न विचारायचे: कशाची आहे? ते सामान कुठून आलं? कोणी केली? बिघडली तर गावात दुरुस्त होईल का? वहीच्या पहिल्या पानावर हे चार प्रश्न लिहून ठेवा.

कधी जायचं

दिवाळी ते होळी हा काळ चांगला. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन फिरणं धोक्याचं आहे, तेव्हा उन्हाळी सुट्टीतला बेत रद्दच करा. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, पण धाम नदीला पूर असताना पवनारच्या घाटावर उतरायचं नाही.

मला विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर निवडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरात पऱ्हाटी फुटलेली असते, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणी सुरू झालेली असते. निघताना प्रत्येकानं घरच्या वावरातला मूठभर कापूस, सरकीसकट, पिशवीत घ्यावा. तो कशाला लागतो ते मगनवाडीत कळेल.

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला सेवाग्रामात गर्दी असते. समारंभ पाहायचा असेल तर तेव्हा जा, जागा पाहायची असेल तर टाळा. १२ फेब्रुवारीला पवनारला सर्वोदय मेळा भरतो. गांधींच्या अस्थींचं विसर्जन १९४८ साली त्याच तारखेला तिथल्या धाम नदीत झालं होतं, म्हणून. मेळा पाहण्यासारखा आहे, पण त्या दिवशी पवनारखेरीज दुसरं काही उरकायला जाऊ नका.

निघण्याआधी आठवडाभर

संस्थांना फोन करा. संग्रहालय कोणत्या दिवशी बंद, दुपारी कधी बंद, गटाला माहिती द्यायला कोणी मिळेल का, सूतकताई दाखवतील का, एवढं विचारून घ्या. शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर आणखी बरं.

कुट्या लहान आहेत. चाळीस-पन्नास जण एकदम आत गेले की कोणालाच काही दिसत नाही. वीस-पंचवीसच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक मोठं माणूस द्या. एक तुकडी आत असताना दुसरीनं झाडं पाहावीत.

चपला पटकन काढता-घालता येतील अशा असू द्या. दिवसभरात त्या अनेकदा काढाव्या लागतात. बुटांच्या नाड्या बांधण्यात तासभर जातो. टोपी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि शिदोरी बरोबर हवी. एस.टी.नं जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, मात्र ओळखपत्र जवळ ठेवा. रेल्वेनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. सेवाग्राम स्टेशनावर उतरलं म्हणजे आश्रम आला असं नाही. तिथून आश्रमापर्यंत काही किलोमीटर ऑटोनं जावं लागतं. वर्धा शहरापासून आश्रम साधारण ८ किलोमीटर.

गाडीत बसल्यावर थोडा इतिहास सांगून ठेवा, म्हणजे पाट्या वाचण्यात वेळ जात नाही. १९३० साली दांडीयात्रेला निघताना गांधींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही असं ठरवलं. जमनालालजींच्या आग्रहावरून १९३४ मध्ये ते वर्ध्याला आले, १९३५ च्या सुरुवातीला मगनवाडीत राहायला गेले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला पोचले. आपल्या बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. २५ ऑगस्ट १९४६ ला ते तिथून निघाले, ते परत आलेच नाहीत.

दिवसाचा क्रम उन्हावरून ठरवा

बहुतेक जण आधी सेवाग्राम उरकतात आणि मग उरलेल्या वेळात बाकीचं पाहतात. मी उलटा क्रम सुचवतो. सकाळी आठला गोपुरी, कारण तिथं अनवाणी दगडी फरशीवरून चालायचं असतं आणि दुपारी पाय भाजतात. पावणेदहापर्यंत पवनार, कारण साडेदहाला तिथं विष्णुसहस्रनामाचा पाठ असतो. दुपारी ऊन चढलं की मगनवाडीचं संग्रहालय, ते सावलीत आहे. साडेतीनच्या सुमाराला सेवाग्राम, आणि संध्याकाळी सहाची प्रार्थना करूनच निघायचं. नागपूरकडून येणाऱ्यांना पवनार वाटेतच लागतं, तरी सरळ पुढे गोपुरीला जाऊन मागे फिरा. अंतर थोडं आहे, क्रम बिघडत नाही.

गोपुरी

गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही, गाभारा नाही. विनोबांनी गीतेचा मराठीत केलेला समश्लोकी अनुवाद, अठरा अध्याय, उभ्या ग्रॅनाइट शिळांवर कोरून ठेवला आहे. शिळांची भिंत वळत वळत जाते. तिच्या मांडणीत गाय आणि चरखा यांचे आकार साधलेले आहेत, पण जमिनीवरून ते ओळखू येत नाहीत. आराखडा पाहून मग चालायला लागा. मंदिर १९८० साली उभं राहिलं.

इथं सगळं वाचून होत नाही. प्रत्येकानं एक शिळा निवडावी, तिच्यासमोर बसावं, श्लोक मोठ्यानं वाचावा आणि वहीत उतरवून घ्यावा. विनोबांनी ही गीताई १९३०-३१ साली वर्ध्यात असताना रचली. तिची मराठी इतकी सरळ आहे की सातवीतलं पोरही अडखळत नाही. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही तिला नातवानं वाचून दाखवावं. चार प्रश्नांपैकी पहिलाच इथं अडतो: हा ग्रॅनाइट पाच मैलांतला नाही. तसं वहीत लिहा. कसोटी आवडत्या जागेलाही लागली पाहिजे.

शेजारी विनोबा आणि जमनालालजींच्या जीवनावरची प्रदर्शनं आहेत. जवळच पांढरा विश्वशांती स्तूप आहे, जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्या संकल्पनेतला. स्तूपाभोवती एक फेरी मारा. संध्याकाळच्या प्रार्थनेत फुजी गुरुजींचा मंत्र पुन्हा ऐकू येईल.

पवनार

पवनार हे फक्त विनोबांचं गाव नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं विदर्भाचे थोर इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचं मत होतं. विनोबा १९३८ मध्ये तब्येत सुधारावी म्हणून जमनालालजींच्या इथल्या बंगल्यात राहायला आले आणि रोज जमीन खणू लागले. त्या खोदण्यात मूर्ती सापडत गेल्या. राम-भरत भेटीचा म्हणून ओळखला जाणारा शिल्पपट त्यांतलाच. विनोबांनी तो तिथंच स्थापन केला, आणि आजही आश्रमाचं पूजास्थान तेच आहे.

आपल्या लोकांना कला पाहायला मुंबई-दिल्लीच गाठावी लागते असं वाटतं, म्हणून या शिल्पापुढे जरा थांबा. एकाच दगडी पटावर माणसांची गर्दी आहे, पण कोण कोणाकडे झुकलं आहे, कोणाचा हात कुठं आहे, हे पाहत गेलं की गोष्ट उलगडते. मुलांना आधी पाटी वाचू देऊ नका. या चित्रात कोण भेटतंय, कोण रडतंय, हे त्यांना ओळखू द्या. आवारात इतरही शिल्पं आहेत. त्यांच्यावर हात फिरवायचा नाही आणि फ्लॅश मारायचा नाही.

१९५९ साली विनोबांनी इथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. हा स्त्रियांचा आश्रम आहे. इथल्या बहिणींनी शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई ही कामं स्वतः करत सामूहिक जीवन चालवलं. गेल्यावर त्यांना ‘ताई’ म्हणून नमस्कार करा. काम चालू असेल तर मधे पडू नका, मोकळ्या दिसल्या तर विचारा. बचत गटातल्या बाया इथं सगळ्यात जास्त रमतात, असा माझा अनुभव आहे. बायकांनी बायकांचं चालवलेलं घर त्या पाहतात, आणि त्यांचे प्रश्न आपल्याला सुचणार नाहीत असे असतात: धान्य कोण मोजतं, मतभेद झाला तर निर्णय कसा होतो, म्हातारपणी कोण पाहतं.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून याच गावात सत्याग्रह सुरू केला, आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला इथंच देह ठेवला. आश्रमाच्या पायऱ्यांवरून नदीतली छत्री दिसते, ती गांधींच्या अस्थिविसर्जनाची खूण. पाठ संपल्यावर तिकडे जा. नदीत उतरायचं नाही, दगड निसरडे असतात.

जेवण

शिदोरी सोडायला झाडाखालची जागा आधी विचारून घ्या आणि खरकटं बरोबर न्या. हॉटेलातच जेवायचं असेल तर वर्धा शहरात भरपूर सोय आहे. शहरातून जाताना गोरस भांडारातला गोरसपाक घ्यायला विसरू नका. गाईच्या दुधातुपाचा हा खुसखुशीत पदार्थ वर्ध्याची ओळख आहे, आणि तो गोसेवेच्या कामातूनच आला आहे. खाताना तेवढी माहिती मुलांच्या कानावर घाला.

मगनवाडी

गांधींचे सहकारी आणि खादीशास्त्राचे जाणकार मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले. त्यांच्या नावानं ही वाडी. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं इथं होतं आणि त्याचे सचिव होते जे. सी. कुमारप्पा, लंडनला हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. असा माणूस इथं बसून घाण्यावरचं तेल, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, हातकागद, साबण यांचा हिशेब मांडत होता. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ इथलाच. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधींनी ३० डिसेंबर १९३८ ला केलं.

इथं किमान दीड तास द्या. संपूर्ण सहलीत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

चरख्यांपासून सुरुवात करा. एकामागून एक चरखे पाहताना सगळे सारखेच वाटतात. त्यासाठी एक युक्ती आहे. प्रत्येक चरख्यात तीन गोष्टी शोधा: चाक कशानं फिरतं, चाती, म्हणजे सूत पिळणारी आणि गुंडाळणारी सळई, कुठं आहे, आणि एका वेळी किती धागे निघतात. मोठ्या चाकाचा पारंपरिक चरखा एका हातानं फिरवायचा, दुसऱ्या हातानं धागा ओढायचा. येरवड्याच्या तुरुंगात विकसित झालेला पेटी चरखा मिटून बगलेत मारता येतो. त्यात दोन चाकं आहेत, म्हणून लहान जागेतही चातीला वेग मिळतो. मगन चरखा पायानं चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन धागे निघतात. स्वातंत्र्यानंतर आलेल्या अंबर चरख्यात गिरणीच्या तत्त्वावर अनेक चात्या एकदम फिरतात. एवढं ओळखता आलं की लाकडाच्या त्या ओळीत माणसांची धडपड दिसायला लागते.

त्याच ओळीपुढे उभं राहून ही गोष्ट सांगा. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा: यंत्र खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावं, बाईला फार न थकता आठ तास चालवता यावं, आठ तासांत १६,००० वार सूत निघावं, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण अटी पुन्हा वाचा. बाईच्या थकव्याचा आणि दुरुस्तीच्या खर्चाचा विचार यंत्राच्या आराखड्यातच आला आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या फवारणी पंपाला आणि पेरणी यंत्राला याच अटी लावून पाहायला मुलांना सांगा. आयटीआयच्या मुलांसाठी तर याहून चांगला धडा नाही.

आता पिशवीतला कापूस काढा. बोटांनी सरकी वेगळी करायला लावा. पाच मिनिटांत पोरांना कळतं की एका गादीत किती तासांचं काम असतं. मग पिंजणी, मग पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मग सूत. सूत कातून दाखवणारं कोणी असेल तर प्रत्येकानं एकदा हात लावावा. नवशिक्याचा धागा तुटतो तो एकाच कारणानं: पीळ भरायच्या आधीच हात मागे ओढला जातो. चाक सावकाश फिरवा, पेळू चिमटीत अगदी हलका धरा, चातीकडून पीळ पेळूपर्यंत चढत येतो तो बोटांना जाणवतो, तेव्हाच हात मागे न्या. हात पूर्ण लांबला की धागा चातीशी आडवा धरून गुंडाळायचा. पेळू घट्ट धरला तर धागा जाड होतो, घाई केली तर तुटतो. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. आपण कातलेली हातभर तार हातात असताना हे आकडे सांगितले की विसरत नाहीत.

नैसर्गिक रंगांचा विभाग घाईत सोडू नका. हिरडा, डाळिंबाची साल, मंजिष्ठा, नीळ, कात. यातलं काय आपल्या पाच मैलांत मिळतं याची यादी करा. मेळघाट किंवा झाडीपट्टीच्या बाजूचे असाल तर हिरड्यापाशीच थांबाल, इतका तो आपल्या रानातला आहे. पळसाच्या फुलांचा रंग होळीला आपण करतोच. मात्र कापडावर तो टिकवायला आधी हिरडा आणि तुरटीची प्रक्रिया लागते, ती कशी करतात ते इथं विचारा.

खादी घ्यायची असेल तर विक्रीकेंद्र पाहा. हातानं कातलेलं सूत ओळखायचं तर कापड उजेडासमोर धरा. धागा कुठं बारीक, कुठं किंचित जाड दिसतो. पहिल्यांदा धुताना वेगळं धुवा आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. आटण्याचा अंदाज धरून सैल मापाचं शिवा.

सेवाग्राम

आवारात शिरल्यावर लगेच बापू कुटीकडे धावू नका. आधी आदी निवास. इथं सगळे एकत्र राहायचे: बापू, कस्तुरबा, सहकारी, आलेले-गेलेले. खान अब्दुल गफारखानही इथं राहून गेले. १९४२ च्या ‘भारत छोडो’ची पहिली चर्चा इथंच झाली, आणि काँग्रेस कार्यसमितीचा ठराव १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात झाला. एवढ्या मोठ्या राजकारणाची खोली केवढी आहे, हे पावलांनी मोजून वहीत लिहा.

मग बा कुटी. पुरुषांच्या त्या गजबजाटात कस्तुरबांना आडोसा नव्हता. ते जमनालालजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी ही लहान कुटी बांधून दिली. बायका इथं जास्त वेळ थांबतात, थांबू द्या.

मग बापू कुटी. मूळची ही मीराबेननं स्वतःसाठी उभारलेली झोपडी. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी. गांधी इथं नंतर राहायला आले. आता चार प्रश्न काढा. भिंती माती आणि बांबूच्या कुडाच्या, वर कवेलू म्हणजे कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बालपण अशाच घरात गेलं आहे. म्हणून इथं माहिती देण्याचं काम त्यांच्याकडे द्या. कुड कसा विणतात, मातीत काय कालवतात, पावसाळ्याआधी कवेलू कोण फेरायचं, सारवताना हात अर्धगोल का फिरवतात, हे आजीनं सांगावं आणि नातवानं लिहून घ्यावं. गाइड जे सांगू शकत नाही ते तुमच्या गाडीतच बसून आलेलं असतं.

भिंतीवर मीराबेननं मातीच्या उठावात शिंदीची झाडं, चरखा आणि ॐ काढले आहेत. पुष्कळांना ते दिसतच नाहीत, कारण भिंतीचा आणि चित्राचा रंग एकच आहे. समोरून नाही, बाजूला सरकून पाहा. तिरप्या उजेडात झावळ्या वर येतात. हात लावू नका, माती आहे. रंग नाही, चौकट नाही. जी माती भिंतीला लिंपली तिचीच बोटांनी थोडी जाड केलेली रेघ. आपल्या बायाही कोठ्यांवर आणि देवळीभोवती असंच काढतात. मला तर हे सगळ्या सहलीतलं सर्वांत सुंदर चित्र वाटतं.

बापूंच्या दफ्तरात टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवला गेला. जवळच साप पकडायचा लांब चिमटा आणि लाकडी पिंजरा आहे. साप मारायचा नाही, पकडून लांब रानात सोडायचा, असा नियम होता. शेतकऱ्याच्या मुलांना हे लगेच पटतं असं नाही. तिथंच चर्चा होऊ द्या. सात सामाजिक पातकांची पाटी आहे, ती उतरवून घ्या.

परचुरे कुटी चुकवू नका. लोक ती न पाहताच पुढे जातात. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. ज्या काळात अशा माणसाला गावाबाहेर काढत, त्या काळात गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केलं. इथं तुकडीला बसवा आणि एवढंच सांगा. विदर्भात कुष्ठरोग्यांसाठी नंतर जे काम उभं राहिलं, ते समजायला ही लहान खोली लागते.

आखरी निवास हा मुळात जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेला. खोकला हटत नव्हता म्हणून गांधी इथं राहिले आणि १९४६ मध्ये इथूनच निघाले. सहकाऱ्यांच्या महादेव कुटी, किशोरलाल कुटी पाहायला थोडा वेळ पुरतो.

मग झाडं. प्रार्थनाभूमीजवळचा पिंपळ गांधींनी १९३६ मध्ये लावला, बकुळ कस्तुरबांनी. बकुळीची फुलं पडलेली असतील तर वेचा, झाडावरून तोडू नका. आवारातल्या झाडांची नावं किती जणांना येतात ते पाहा. आपल्या खेड्यातल्या मुलांना ती शहरातल्यांपेक्षा जास्त येतात, आणि त्यांना याचा अभिमान वाटू द्या. शिक्षक असाल तर शेजारच्या नई तालीमच्या आवारात जा. ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, आणि आज आनंद निकेतन शाळा त्या वाटेनं चालते. आधी परवानगी घेतली असेल तरच वर्ग पाहा.

सहा वाजता प्रार्थना. पाच मिनिटं आधी फोन बंद करून बसा. बसायला जमीनच आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी काय सोय होईल ते कार्यकर्त्यांना आधीच विचारा. सुरुवात फुजी गुरुजींच्या बौद्ध मंत्रानं होते, मग उपनिषद, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं, कुराण, पारशी प्रार्थना, एकादश व्रतं. गटात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं असतील तर आपापलं ऐकू आल्यावर ती मान वर करतात.

पुस्तकं, मुक्काम

ज्यांना वाचायचं किंवा संशोधन करायचं आहे त्यांनी दुसरा दिवस ठेवावा. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात राहुल सांकृत्यायन यांच्या नावाचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. गोपुरीतही गांधीविचारांच्या अभ्यासाची संस्था आहे. आत बसून वाचायला विषय लिहून आधी परवानगी मागा आणि ओळखपत्र न्या. गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायची तर सेवाग्रामचं पुस्तकविक्री केंद्र आणि पवनारचं परंधाम प्रकाशन. विनोबांची पुस्तकं अजूनही अशा किमतीत मिळतात की पाचशे रुपयांत वाचनालयाचा एक खण भरतो.

मुक्कामाला आश्रमासमोर यात्री निवास आहे. सोय साधी आहे आणि आधी कळवावं लागतं. राहणार असाल तर पहाटे पावणेपाचच्या प्रार्थनेला उठा. जिल्ह्यात दारूबंदी आहे, गाडीच्या चालकालाही हे निघण्यापूर्वी सांगून ठेवा.

परत आल्यावर

पुढच्या शनिवारी वह्या काढा आणि तोच खेळ आपल्या गावात करा. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. तेवढ्यात कवेलू करणारा कुंभार उरला आहे का? बांबूची डाली विणणारं घर? कुड लिंपायला येणारी बाई? तेलघाणी? लोहाराचा भाता अजून चालतो का? नाव, वाडी, काय करतात, कोणाकडून शिकले, पुढे कोणी शिकतंय का, एवढं प्रत्येकाचं त्यांना विचारून एका पानावर लिहा. ही वही वाचनालयात ठेवा, आणि पुढच्या वर्षी वर्ध्याला निघणाऱ्या तुकडीला गाडीत बसायच्या आधी वाचायला द्या.